एका कंपनीचे गाव : स्कोशियाची सव्वाशे वर्षे



ग्रीक देवळाच्या घाटाची बँक अमेरिकेत कुठल्याही जुन्या गावात सापडते. स्कोशिया गावातली बँकही त्याच घाटाची आहे, फक्त तिच्यात संगमरवर नाही. तिचे खांब म्हणजे रेडवूडचे अख्खे बुंधे, तेही सालीसकट. ग्रीक खांबांवर उभ्या पन्हळी कोरून काढाव्या लागतात, इथे त्या सालीनेच आयत्या पुरवल्या. ही इमारत १९२० सालची. त्याच सुमाराला जवळच विनेमा नावाचे नाट्यगृह उभे राहिले, तेही रेडवूडचेच. लाकूड कंपनीचे, जमीन कंपनीची, खर्च कंपनीचा आणि बँकेत पैसे ठेवायला येणारी माणसेही बहुतेक कंपनीच्याच पगारपत्रकावरची.

ही कंपनी म्हणजे पॅसिफिक लंबर. आजचे व्याख्यान तिच्या या छोट्या, आखीव गावाबद्दल आहे. मात्र घरे, रस्ते, दवाखाना, नाट्यगृह यांच्या आखणीपेक्षा या गावाचे भवितव्य एका वेगळ्याच आकड्यावर ठरत आले : दर वर्षी जंगलातून किती लाकूड काढायचे. तो आकडा कोण ठरवतो आणि कशासाठी ठरवतो, हे पाहत गेले की स्कोशियाचा इतिहास उलगडत जातो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवर, हम्बोल्ट काउंटीत, ईल नदीच्या वळणावर हे गाव वसले आहे. समुद्र जवळ असल्याने उन्हाळ्यातही धुके आत शिरते, आणि त्या धुक्याच्या ओलीवर रेडवूड वाढते. जगातले हे सर्वांत उंच झाड. काही झाडे शंभर मीटरच्या वर जातात आणि दोन हजार वर्षांपर्यंत जगतात. लाकूड वजनाला हलके आणि सरळ चिरणारे. गाभ्यातल्या टॅनिनमुळे त्याला कुज किंवा वाळवी सहसा लागत नाही. त्यामुळे रेल्वेचे स्लीपर, छपराच्या चिपा, पाण्याच्या टाक्या, वाइनची मोठाली पिंपे, घरांच्या भिंती अशा सगळ्याच कामांना ते चालायचे. १९०६च्या भूकंपानंतर जळालेले सॅन फ्रान्सिस्को पुन्हा उभे करायला लाकूड हवे होते, तेव्हा या किनाऱ्यावरच्या गिरण्यांना उसंत मिळाली नाही.

जंगल अर्थातच कोणाचे नव्हते असे नाही. १८५०च्या सुमारास जोसाया ग्रेग याची शोधमोहीम उपाशीतापाशी या नदीवर पोचली. तिथल्या वियोट लोकांनी एक मोडका तवा घेऊन त्यांना लॅम्प्रे मासे दिले. पाहुण्यांना ते ईल वाटले आणि नदीचे नाव ईल पडले. त्या देवाणघेवाणीनंतर दहाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८६० रोजी, युरेकाजवळच्या बेटावर वार्षिक विधीसाठी जमलेल्या वियोट बायकामुलांची गोऱ्या वसाहतकऱ्यांनी कुऱ्हाडींनी कत्तल केली. युरेका शहराने ते बेट जमातीला २०१९ मध्ये परत दिले. पॅसिफिक लंबरची स्थापना झाली १८६३ मध्ये, म्हणजे कत्तलीनंतर तीन वर्षांनी. कंपनीच्या कहाण्या सांगताना ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत नाही, ती ठेवायला हवीत.

सुरुवातीची वीसेक वर्षे कंपनी कागदावरच जास्त होती. १८८०च्या दशकात गिरणी उभी राहिली, तिच्याभोवती मजुरांची वस्ती जमली. वस्तीचे पहिले नाव फॉरेस्टव्हिल. त्या नावाचे टपाल कार्यालय राज्यात आधीच असल्याने १८८८ मध्ये ते स्कोशिया झाले, कारण कामगारांत कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आलेले पुष्कळ होते. १९०५च्या सुमारास डेट्रॉइटच्या सायमन मर्फी यांच्या कुटुंबाकडे कंपनीची सूत्रे आली आणि पुढची आठ दशके हे गाव मर्फींच्या छायेत राहिले. आधी लाकूड हम्बोल्ट उपसागरातून जहाजाने जायचे. १९१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न पॅसिफिकचा लोहमार्ग दक्षिणेकडून जोडला गेला, तशी सॅन फ्रान्सिस्कोची बाजारपेठ थेट दारात आली.

गावाची रचना कंपनीच्या हिशेबाला धरून होती. नदी आणि डोंगर यांच्यामधल्या सपाटीवर गिरणी, गिरणीला लागून ओळीने घरे, जवळपास एकाच साच्यातली. घरे भाड्याची आणि भाडे हलके. दुरुस्ती, रंगरंगोटी कंपनीकडे. दुकान, शाळा, दवाखाना, हॉटेल, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. दारूचे गुत्ते मात्र नदीपलीकडे, आजच्या रिओ डेलच्या बाजूला. शिस्त अलीकडे आणि मौज पलीकडे, अशी ही वाटणी पुष्कळ कंपनीगावांत दिसते. मुलगा शाळा सुटली की गिरणीत लागेल हे गृहीतच असे, आणि हुशार निघालाच तर कंपनी कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देई. नाताळात बोनस येई. कामगार संघटना नव्हती. बऱ्याच घरांना ती नसल्याची खंतही नव्हती.

मर्फींचे कौतुक करणारी पुस्तके आणि आठवणी भरपूर आहेत. त्या खोट्या नाहीत. तरी प्रस्तुत वक्त्याला त्यांत एक गोष्ट खटकते : या गावात कोणालाही कशाचाही हक्क नव्हता, फक्त मेहेरबानी होती. मेहेरबानी करणारे लोक भले होते, म्हणून गाव भले होते.

भलेपणाचीही एक हकीकत आहे आणि ती सरळ नाही. महामार्ग होऊ लागला तशी डोळ्यांदेखत पडणारी झाडे प्रवाशांना दिसू लागली. १९१८ मध्ये ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ ही संस्था निघाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट हा वंशश्रेष्ठत्वाचा प्रचारक म्हणूनही कुप्रसिद्ध आहे. झाडांबद्दलची कळकळ आणि माणसांबद्दलची तुच्छता एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतात, हे लक्षात ठेवलेले बरे. दुसरीकडे हम्बोल्टमधल्या गृहिणींनी स्वतःची महिला शाखा काढली. १९२४ मध्ये पॅसिफिक लंबरने डायरव्हिलच्या सपाटीवर गुपचूप तोड सुरू केली, तेव्हा स्थानिक माणसेच खवळली. अनेक वर्षे वाटाघाटी चालल्या. जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी वीस लाख डॉलर दिले, राज्याने आपला वाटा घातला आणि १९३१ मध्ये बुल क्रीक-डायरव्हिलचे जंगल कंपनीने विकले. आज तिथे सुमारे दहा हजार एकरांचे रॉकफेलर वन आहे आणि सलग उरलेले ते सर्वांत मोठे प्राचीन रेडवूडवन मानले जाते. ते वाचले ते कंपनीने मोफत सोडले म्हणून नव्हे, चांगली किंमत मिळाली म्हणून. पण मिळाल्यावर विकले, हेही खरेच.

त्याच वर्षी ए. स्टॅनवूड मर्फी अध्यक्ष झाले आणि गावाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा निर्णय घेतला गेला. आजूबाजूच्या गिरण्या डोंगर बोडका करून पुढच्या डोंगराकडे जात होत्या. आपल्याकडे वनखात्याच्या कुपांत निवडक तोड आणि सरसकट तोड असा फरक करतात, तोच इथेही होता. मर्फींनी सरसकट तोड थांबवली. मोठी झाडे निवडून काढायची, बाकीची उभी ठेवायची, आणि जंगल वर्षाला जेवढे वाढते त्याच्या बेताने कापायचे. रेडवूडच्या खोडाला बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, त्यामुळे हा हिशेब शक्य कोटीतला होता. गाव कायम राहायचे असेल तर गिरणीला कायम लाकूड हवे, एवढे साधे गणित.

शेजारच्या गिरण्यांनी हे गणित का केले नाही? कारण त्यांचे भागधारक वाट पाहायला तयार नव्हते. मर्फींचे होते, किंवा त्यांना विचारणारे कोणी नव्हते. पन्नास वर्षे हा बेत चालला. परिणामी १९८०च्या दशकात पॅसिफिक लंबरच्या जवळपास दोन लाख एकरांत खासगी मालकीतले सर्वांत जास्त प्राचीन रेडवूड शिल्लक होते. हिच्यासारखी श्रीमंत कंपनी त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती, आणि हेच तिच्या मुळावर आले.

मध्ये नदीनेही आपली ताकद दाखवली. डिसेंबर १९५५ मध्ये एक मोठा पूर आला, पण १९६४च्या नाताळातला पूर त्याच्यावर ताण होता. २३ डिसेंबरला स्कोशियाजवळ ईल नदीचा विसर्ग सुमारे साडेसात लाख क्युसेक मोजला गेला. गिरणीच्या आवारातले ओंडके आणि चिरलेल्या फळ्यांचे थप्पे नदीने नेले. वरच्या अंगाला वीओट, पेपरवूड ही गावे उद्ध्वस्त झाली. कंपनीने आवार साफ केले, गिरणी चालू केली. गाव सावरले.

आता १९८५. कंपनीवर कर्ज नव्हते. निवृत्तिवेतन निधीत देण्यापेक्षा बरेच जास्त पैसे होते. जंगलातल्या उभ्या लाकडाची संपूर्ण मोजदाद शेवटची झाली होती १९५६ मध्ये, म्हणजे किती लाकूड आहे हे खुद्द मालकांच्याही वह्यांत कमी लिहिलेले. शेअर बाजारात मात्र कंपनी नोंदलेली होती आणि भाव त्या जुन्या वह्यांवर चालला होता. ह्यूस्टनचे चार्ल्स हर्विट्झ यांच्या मॅक्सॅम या कंपनीने सप्टेंबरअखेर बोली लावली. संचालकांनी आधी विरोध केला, मग शेअरमागे ४० डॉलरवर मान डोलावली. पैसे मॅक्सॅमचे फारसे नव्हतेच. ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट या पेढीतल्या मायकेल मिल्कन यांच्या यंत्रणेने जंक बाँड विकून ते उभे केले, म्हणजे जास्त जोखीम आणि जास्त व्याज असलेले रोखे. पुढे १९९० मध्ये ही पेढी बुडाली आणि मिल्कन यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, पण तोवर स्कोशियाचा व्यवहार होऊन चार वर्षे लोटली होती.

कर्ज मॅक्सॅमच्या नावे निघाले, फेडायचे मात्र पॅसिफिक लंबरच्या झाडांनी. आधी कंपनीच्या हाती असलेला वेल्डिंग साहित्याचा धंदा विकला, सॅन फ्रान्सिस्कोतली इमारत विकली. निवृत्तिवेतन निधीतले साडेपाच कोटी डॉलर ‘शिल्लक’ म्हणून काढून घेतले आणि उरलेल्या जबाबदारीसाठी एक्झिक्युटिव्ह लाइफ या विमा कंपनीकडून पेन्शन देणाऱ्या पॉलिसी विकत घेतल्या. त्या विमा कंपनीची तिजोरी ड्रेक्सेलच्याच जंक बाँडांनी भरलेली होती. १९९१ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा निवृत्त गिरणीकामगारांची पेन्शन काही काळ टांगणीला लागली. आणि तोडीचा आकडा? तो दुपटीहून वर गेला. सरसकट तोड परतली. तोड आता जंगलाच्या वाढीवर ठरत नव्हती, व्याजाच्या तारखांवर ठरत होती.

नव्या मालकांनी स्कोशियातल्या कामगारांच्या सभेत ‘सुवर्णनियम’ सांगितल्याची गोष्ट हम्बोल्टमध्ये आजही ऐकायला मिळते : ज्याच्याकडे सोने, त्याचा नियम. सांगणाऱ्याला तो विनोद वाटला असावा.

यात कामगारांची स्थिती विचित्र होती आणि तिच्याकडे शहरी पर्यावरणवाद्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. सुरुवातीला काम कमी झाले नाही, वाढले. जादा पाळ्या, जादा पगार. नवे ट्रक घेतले गेले. आपण आपल्या मुलांच्या वाट्याचे लाकूड कापतो आहोत हे जुन्या मुकादमांना कळत होते, आणि काहींनी उघड विरोध करून कामगारांनीच कंपनी विकत घ्यावी अशी योजनाही मांडली. तिला यश आले नाही. बहुतेकांनी घरावर पिवळ्या फिती लावल्या आणि बाहेरून येणाऱ्या आंदोलकांना शत्रू मानले. घर कंपनीचे, नोकरी कंपनीची, अशा माणसाने दुसरे काय करायचे होते?

आंदोलन १९९०च्या उन्हाळ्यात पेटले. ‘रेडवूड समर’ नावाने हजारो तरुण या भागात येण्याच्या बेतात होते. त्याआधी, २४ मे रोजी, संघटक ज्युडी बारी आणि डॅरिल चर्नी यांच्या मोटारीत ओकलंडमध्ये बाँब फुटला. बारी गंभीर जखमी झाल्या, आणि पोलिसांनी बाँब त्यांचाच असल्याचा आरोप करून दोघांनाच अटक केली. खटला उभा राहिला नाही. उलट २००२ मध्ये ज्युरीने या दोघांना एफबीआय आणि ओकलंड पोलिसांकडून ४४ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. बारी तोपर्यंत कर्करोगाने गेल्या होत्या. बाँब कोणी ठेवला ते आजवर सिद्ध झालेले नाही. ज्युडी बारी यांची भूमिका मात्र नोंद घेण्यासारखी होती : लाकूडतोड्या आणि झाड एकाच व्यवस्थेचे बळी आहेत, असे त्या सतत सांगत आणि झाडांत खिळे ठोकण्याच्या डावपेचाला त्यांनी जाहीर विरोध केला, कारण त्या खिळ्यांवर करवतीचे पाते तुटून इजा होते ती गिरणीतल्या मजुराला.

न्यायालयात खरी अडचण आणली एका कबुतराएवढ्या समुद्रपक्ष्याने. मार्बल्ड मरलेट दिवसभर समुद्रावर मासे धरतो आणि अंडे घालतो जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या फांदीवर, किनाऱ्यापासून कित्येक मैल आत. त्याचे घरटे अमेरिकेत सापडले ते थेट १९७४ मध्ये. जुने जंगल गेले की पक्षी गेला, हे सिद्ध करणे सोपे होते. १९९२ मध्ये तो संरक्षित यादीत आला आणि पुढे गार्बरव्हिलच्या एका छोट्या संस्थेने त्याच्या नावाने दावा जिंकला. निसर्गाने १९९२ मध्येच स्वतःही हजेरी लावली. एप्रिलच्या २५ आणि २६ तारखांना केप मेंडोसिनोचे भूकंप झाले आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत स्कोशियाची बाजारपेठ जळून गेली.

१९९६ सरताना, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, स्कोशियाच्या वरच्या अंगाच्या स्टॅफर्ड वस्तीवर तोड झालेल्या उतारावरून चिखलाचा लोंढा आला आणि सात घरे त्यात गेली. त्याच डोंगरावरच्या एका झाडावर १० डिसेंबर १९९७ रोजी ज्युलिया बटरफ्लाय हिल ही तेवीस वर्षांची तरुणी चढली ती ७३८ दिवसांनी, १८ डिसेंबर १९९९ला उतरली. झाडाचे नाव लूना. वर्तमानपत्रांना ही गोष्ट आवडली, आणि ती आवडण्यासारखीच होती. तरी जंगलाचा मोठा भाग वाचला तो तिच्यामुळे नव्हे, तर रोख रकमेने. १ मार्च १९९९ रोजी केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून ३८ कोटी डॉलर मोजले आणि सुमारे साडेसात हजार एकरांचे हेडवॉटर्स वन विकत घेतले. १९३१चीच पुनरावृत्ती, भाव तेवढा वाढलेला. त्याआधी १९९८ मध्ये डेव्हिड चेन हा आंदोलक तोडलेले झाड अंगावर पडून मेला होता.

एवढे होऊनही कर्ज फिटले नाही. हेडवॉटर्सच्या करारातल्या पर्यावरणी अटींनी तोड खाली आली आणि मोठी झाडे तर संपत आलीच होती. जमीन ज्या उपकंपनीच्या नावे ठेवली होती तिच्या डोक्यावर ७१ कोटी डॉलरचे रोखे होते. जानेवारी २००७ मध्ये पॅसिफिक लंबरने दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही कॅलिफोर्नियात नव्हे, टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी इथे. १८६३ची कंपनी २००८च्या उन्हाळ्यात संपली.

जंगल आणि गिरणी मेंडोसिनो रेडवूडकडे गेली. ‘गॅप’ कपड्यांच्या फिशर कुटुंबाने १९९८ मध्ये काढलेली ही कंपनी. तिच्या हम्बोल्ट शाखेने प्राचीन झाडे तोडायची नाहीत आणि सरसकट तोड करायची नाही, असे धोरण जाहीर केले, आणि झाडांवर बसलेले शेवटचे आंदोलक त्याच वर्षी खाली उतरले. म्हणजे १९३१चा बेत सत्याहत्तर वर्षांनी पुन्हा कागदावर आला, फक्त आता हाती उरलेले जंगल बहुतांशी दुसऱ्या-तिसऱ्या वाढीचे होते. कोवळे, बारीक, गाभा कमी.

गाव मात्र वेगळ्याच धनकोकडे गेले. मॅरथॉन या न्यूयॉर्कच्या गुंतवणूकसंस्थेला कर्जापोटी मिळाली सुमारे २७० घरे, एक नाट्यगृह, एक हॉटेल आणि सालीच्या खांबांची ती बँक, जिचे आता संग्रहालय झाले आहे. गुंतवणूकदाराला गाव नको होते, विकून मोकळे व्हायचे होते. पण विकायचे कसे? घरांमध्ये हद्दीच नव्हत्या. एकाच मालकाने बांधलेल्या गावात पाण्याचे नळ, सांडपाणी, विजेच्या तारा हव्या तशा कुठूनही नेलेल्या. मालमत्तेचे भाग पाडणे, मोजणी, नवी जलवाहिनी, परवाने यांत वर्षे गेली. २०१०च्या जनगणनेत गावात ८५० माणसे होती.

इतर गिरणीगावांशी तुलना केली तर स्कोशियाचे नशीब मधले म्हणावे लागेल. ओरेगनमधले वॅल्सेट्झ १९८४ मध्ये मालक कंपनीने बंद केले आणि घरे पाडून टाकली, आता तिथे झाडी आहे. वॉशिंग्टनमधल्या पोर्ट गँबलची गिरणी १८५३ ते १९९५ अशी १४२ वर्षे चालून थांबली आणि गाव राष्ट्रीय वारसा म्हणून जपले गेले, पण लाकडाविना. स्कोशियात गिरणी चालू राहिली, गाव टिकले, मालक गेला.

घरे एकेक करून विकली जाऊ लागली, त्यांतली काही भाडेकरूंनीच घेतली. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, रहिवाशांनी मतदान करून स्कोशिया सामुदायिक सेवा मंडळ स्थापन केले. पाणी, सांडपाणी, रस्त्यावरचे दिवे आणि विनेमा नाट्यगृह आता या मंडळाकडे आहे. स्वतःच्या गावाच्या नळाबद्दल निर्णय घेणारी माणसे निवडण्याचा अधिकार तिथल्या लोकांना मिळाला, तेव्हा गावाला हे नाव मिळून १२६ वर्षे झाली होती.